देवाशी बोलणं बंद केलंय, मॅडम

"इतकं देवाचं केलं, मग आमच्याच वाट्याला का?" आणि लगेच, आवाज खाली आणून, "असं मनात आलं तर पाप लागतं का हो?"

सांगलीत समुपदेशन करताना गेल्या 19 वर्षांत ही दोन वाक्यं मी किती जणांच्या तोंडून ऐकली, याची मोजदाद नाही. 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर तर ती ऐकली नाहीत असा आठवडा जात नव्हता. हे विचारणारी माणसं बहुतेक मनापासून श्रद्धाळू असतात. त्यांच्यावर एकदम दोन आघात झालेले असतात. घरचं माणूस गेलेलं असतं, आणि ज्याच्यापुढे बसून रडायचं तो देवही परका झालेला असतो. पहिल्या दुःखाला भेटायला पाहुणे येतात. दुसऱ्याची वाच्यता करायचीही चोरी.

म्हणून शालनताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.

जुलै 2022 मध्ये लेकीनं त्यांना मिरजेहून माझ्याकडे आणलं. वय 56. नवरा माळकरी, 18 वर्षं पायी वारी केलेला. मे 2021 मध्ये कोविडनं गेला. नऊ दिवस त्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसून होत्या. तोंड बघायला मिळालं नाही. अंत्यविधी परस्पर झाला. हातात एक प्लास्टिकची पिशवी आली, त्यात मोबाईल आणि चष्मा. गळ्यातली तुळशीची माळ त्यात नव्हती. सरकारनं कोविडमृत्यूच्या कुटुंबांना दिलेले 50 हजार रुपये खात्यात पडून होते. त्यांना हात लावू देत नव्हत्या.

चौदा महिने त्या घरातल्या घरात वावरत होत्या. मग दोन वर्षांच्या खंडानंतर पायी वारी पुन्हा सुरू झाली. निघायच्या आदल्या दिवशी दिंडीतली माणसं घरी आली. शालनताईंनी दार उघडलं नाही. त्या दिवसापासून जेवण जवळजवळ सुटलं.

सगळ्यांनी समजावून झालं होतं. दीर म्हणाले, देवाच्या मनात होतं. जाऊबाई म्हणाल्या, भजनी मंडळात जा. लेक म्हणाली, आई, कशात तरी मन गुंतव. तिघांनाही शालनताईंची काळजी होती, आणि तिघांचंही काही लागू पडलं नाही.

पहिल्या दोन भेटींत आम्ही झोप, जेवण, औषधं एवढंच बोललो. जीव नकोसा वाटतो का, हेही मी सरळ विचारलं. असं विचारल्यानं मनात नसलेला विचार येतो ही समजूत चुकीची आहे, उलट माणसाला हायसं वाटतं. "मरावं असं नाही वाटत, पण उठावं असंही नाही वाटत," त्या म्हणाल्या. मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. दुःख लांबलं की त्याला दुखणं म्हणायची वेळ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, अशा लांबलेल्या दुःखाची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिने उलटूनही माणूस रोजच्या जगण्यात परतलं नाही, तर मदत घ्यायला संकोच करू नये.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "देव्हाऱ्याचं कोण बघतं आता?"

"कोण नाही. धूळ बसलीय."

"आणि विठोबा?"

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "फिरवून ठेवलाय त्याला. भिंतीकडं तोंड करून. तेराव्यापासनं."

शेजारी बसलेली लेक दचकली. एकाच घरात राहून तिला हे ठाऊक नव्हतं.

"बघता कधी त्याच्याकडं?"

"रोज बघते. कुणी सरळ तर केला नाही ना."

मी वहीतलं लिहिणं थांबवलं. श्रद्धा मेली असती तर मूर्ती कुठेही पडून राहिली असती. जिचा विश्वास उडाला ती बाई रोज सकाळी उठून देव अजून पाठमोराच आहे ना, हे बघायला जात नाही. हा रुसवा होता. आणि रुसवा आपल्या माणसावरच धरला जातो. मी तसं त्यांना सांगितलं. "शालनताई, तुम्ही बोलणं बंद केलंय. नातं तोडलेलं नाही." त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

पुढच्या भेटीत मी एक खुर्ची त्यांच्या समोर ओढली. "तो इथं बसलाय समजा. मनात बोलता ते मोठ्यानं बोला."

"देवाला शिव्या देऊ?"

"गोपाळपूरला जनाबाईचं जातं बघितलंय ना? त्या जनाबाईनं दिल्यात की विठ्ठलाला शिव्या. आणि तो तिचं दळण दळायला आला, असंच आपण सांगत आलोय ना?"

आपल्याकडच्या संतांनी विठ्ठलाशी भांडण मांडलं, त्याला जाब विचारला, त्याच्यावर रुसले. सातशे वर्षांची ही परवानगी आपण विसरतो आणि दुःखी माणसाला गप्प बसवतो. पुस्तकातलं शास्त्र मी शिकले आहे, पण त्या दिवशी उपयोगी पडलं ते आजीच्या मांडीवर ऐकलेलं.

पाच-सात मिनिटं त्या खुर्चीकडे नुसत्या बघत होत्या. मग आवाज फुटला. "अठरा वर्षं माझा माणूस तुझ्याकडं चालत आला. पायाला फोड आले तरी चालत आला. त्याला तुला चार खांदे देता आले नाहीत?" आणि मग अगदी बारीक आवाजात, "माळ तरी परत द्यायचीस."

त्या माळेशी येऊन बांध फुटला. लेकही रडली. वडील गेल्यापासून आईसमोर ती एकदाही रडली नव्हती, आईला त्रास होईल म्हणून. आईही तिच्यासमोर रडली नव्हती, त्याच कारणानं. सव्वा वर्ष दोघी एकमेकींना दुःखापासून वाचवत होत्या आणि त्यामुळेच एकट्या पडल्या होत्या. मी काही बोलले नाही. त्या अर्ध्या तासात खरं औषध लेकीच्या हातात होतं, आईच्या पाठीवरून फिरणाऱ्या.

आता सेवेबद्दल. "दुसऱ्यासाठी काहीतरी कर, दुःख विसरशील" हा सल्ला खरा आहे, पण तो फार लवकर दिला जातो. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. पत्नी गेल्यावर महिन्याभरात तीन संस्थांचं काम अंगावर घेतलं आणि वर्षाच्या आत अंथरुणाला खिळले. ते सेवा करत नव्हते, घरी जायचं टाळत होते. आधी रडणं, भांडणं, कुणाच्या तरी कुशीत शिरणं. त्यानंतरची सेवा टिकते. आणि ती बाहेरून नेमून देता येत नाही, माणसाच्या हातात असतंच काहीतरी.

शालनताईंच्या हातात काय होतं ते ऑगस्टमध्ये कळलं. जेवणाची चौकशी करताना मी विचारलं, "भाकरी किती करता?"

"चार."

"खाता किती?"

"एक. लेक एक खाते." थांबल्या. "पीठच तेवढं घेतलं जातंय. दोन त्यांच्या."

"मग त्या दोन?"

"सकाळी गाईला."

मी घाई केली नाही. नवऱ्याच्या वाटणीचं पीठ अजून परातीत पडत होतं, ते प्रेम होतं आणि त्याला जायला जागा नव्हती. व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ, नाझी छळछावण्यांत आई-वडील, भाऊ, पत्नी गमावलेले. मी त्यांच्या विचारांच्या वाटेनं चालणारी. 'का' या प्रश्नाशी माणूस वर्षानुवर्षं झगडतं, 'आता कुणासाठी' असं विचारलं की पाय हलतात. मी एवढंच विचारलं, "दवाखान्याबाहेरच्या नऊ दिवसांत तुम्ही काय खाल्लंत?"

त्यांना आठवत नव्हतं. मग आठवलं ते स्टूल. फाटकासमोरच्या औषधांच्या दुकानातला पोरगा दुसऱ्या दिवशी लाल प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला होता. "मावशी, बसा." रोज सकाळी ठेवायचा, रात्री घेऊन जायचा. ना त्यानं नाव विचारलं ना यांनी. "त्याला काय गरज होती?" त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. "त्या दिवसांत कुणी जवळ येत नव्हतं, मॅडम."

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः सांगितलं की दोन भाकरी आणि झुणका फडक्यात बांधून त्या फाटकापाशी जाऊन आल्या. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातूनही रोगी येतात, नातेवाईक फूटपाथवर मुक्काम करतात. अथणीकडची एक म्हातारी होती. भाषा धड कळली नाही. "पण तिनं दोन्ही खाल्ल्या," शालनताई म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा आवाज बदललेला होता. मी तो आवाज विसरणार नाही.

दोनाच्या सहा झाल्या, सहाच्या वीस. त्या 50 हजारांतून थोडे काढून ज्वारीची पोती आणि मोठा तवा आला. बाकीचे लेकीच्या नावावर ठेवले. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. मे महिना आला की त्या अजून आठवडाभर झोपत नाहीत, त्या दिवसांत भाकरी लेक थापते.

वाचणाऱ्यांपैकी कुणी आज त्या फाटकाबाहेर असेल, तर त्यांना सांगते. देवाचा राग आला म्हणून पाप लागत नाही. भांडा, पण मोठ्यानं भांडा, आणि ऐकणारं एक माणूस जवळ ठेवा. शोकातल्या माणसाला भेटायला जाणाऱ्यांनी देवाच्या मनातलं सांगू नये, बसायला स्टूल द्यावं. आणि जगणंच नको वाटायला लागलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

2023 च्या आषाढीच्या आदल्या दिवशी शालनताईंचा फोन आला. "उद्या एकादशी. भाकऱ्या करू का नको? तिकडची माणसं उपास धरतात का काय, मला कळंना."

"तुम्हाला काय वाटतं?"

"करते. ज्याला उपास असंल त्याला शेंगदाण्याचा लाडू."

मी विचारलं, "आणि विठोबा?"

"तिरका केलाय," त्या म्हणाल्या. "खिडकीकडं. चूल दिसती तिथनं त्याला."