बँकेची नोकरी सोडून एनजीओत जावं का? तिथलं वातावरण आणि वरचे लोक प्रत्यक्षात कसे असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली बँकेची नोकरी सोडून ग्रामीण भागातल्या एका संस्थेत प्रोग्रॅम मॅनेजर म्हणून जायचा विचार आहे, तिथली माणसं, विशेषतः संस्थाचालक कसे असतात, आणि नाही जमलं तर परत येता येतं का. मी मराठवाड्यात दोन संस्थांमध्ये काम केलंय, दुसरीत अजून आहे. तेवढ्या जोरावर सांगतो.

संस्थेची वेबसाइट, अहवालातले फोटो, ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ वगैरे तूर्तास बाजूला ठेवा. एकच गोष्ट शोधून काढा: एप्रिल ते जून तिथे पगाराचं काय होतं? बहुतेक प्रकल्पांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. मग ऑडिट, युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधी कशावर खर्च झाला याचा दाखला), नवा करार, कंपनीच्या सीएसआर कमिटीची (सामाजिक कामासाठी पैसे देणाऱ्या समितीची) बैठक असं करत करत निधीचा पुढचा हप्ता यायला जून उजाडतो, कधी ऑगस्टही. काम काही थांबत नाही. पाणलोटाची कामं तर उन्हाळ्यातच ऐन भरात असतात. या मधल्या काळाचा भार कुणाच्या डोक्यावर येतो, त्यावरून नेतृत्व कळतं. मार्चपर्यंत सगळेच चांगले असतात.

माझ्या पहिल्या संस्थेत संस्थापकांना सगळे ‘भाऊ’ म्हणायचे. भाऊ मोठा माणूस, यात वाद नाही. दुष्काळात त्यांनी काय केलं ते गावोगावची म्हातारी माणसं आजही सांगतात. सकाळी नऊला प्रार्थना, मग सतरंजीवर गोल करून आढावा बैठक. भाऊही आमच्यासोबत खालीच बसायचे. पण भाऊ बोलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही आणि ते बोलले की बोलण्यासारखं काही उरायचं नाही. पीएफचा विषय एकाने काढला, तर भाऊ शांतपणे म्हणाले, “आपण इथे नोकरी करायला आलोय का?” त्यावर काय बोलणार?

वीस किंवा जास्त कर्मचारी असले की पीएफ लागू होतो. आमच्याकडे कागदावर कर्मचारी मोजके, बाकी सगळे सल्लागार. अकरा महिन्यांचा करार आणि दहा टक्के टीडीएस कापून मानधन. रोज एसटीने गावोगाव फिरणारी आरोग्यसेविकासुद्धा सल्लागार! एप्रिल लागला की मानधन बंद. हप्ता आला की थकलेलं एकदम जमा व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी अकाउंटंटचा निरोप यायचा, “त्यातलं एका महिन्याचं संस्थेला देणगी द्यायचं ठरलंय.” कुणी ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती. पावती मात्र मिळायची, रीतसर ८०जीची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळवून देणारी. आमच्या एका ताईंचं उत्पन्न करपात्र होण्याच्या जवळपासही नव्हतं. “ही घेऊन मी करू काय?” असं त्यांनी अकाउंटंटला विचारलं. तो म्हणाला, “फाइलला लावून ठेवा.”

भाऊ पैसे खात नव्हते, हे आवर्जून सांगतो. ते स्वतः मानधनही घेत नसत. पण राहणं, जेवण, गाडी, दवाखाना सगळं संस्थेतच, त्यामुळे मे महिना त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही. ज्याला घरभाडं भरायचं नसतं त्याला दुसऱ्याचं घरभाडं म्हणजे निष्ठेची कमतरता वाटते. आणि मग ताई-दादा म्हणण्यातला गोडवा उलटा फिरतो, कारण दादाकडे ओव्हरटाइम कसा मागायचा?

सगळा दोष संस्थाचालकांच्या माथी मारणंही बरोबर नाही. पैसे देणाऱ्यांना काम हवं असतं, काम करणारी माणसं बजेटमध्ये दिसलेली चालत नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्यातून पैसा आला, पण एकेक वर्षाच्या तुकड्यांत. सीएसआरच्या नियमांतली प्रशासकीय खर्चावरची पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चासाठी आहे. कितीतरी सीएसआर अधिकारी ती संस्थेच्या बजेटलाच लावतात आणि संस्था मुकाट्याने मान्य करतात. परदेशी निधीचं म्हणाल, तर एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. मग पगार प्रशासकीय खर्चात दिसू नये म्हणून अकाउंटंट बजेटमध्ये ‘फील्ड समन्वयक’ होतो. (काटकसरीचाही त्रास होतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, आमच्या ताईंची प्रवासाची व्हाउचरं निम्म्यावर आली आणि वर्षाअखेर फंडरने विचारलं, प्रवासाचा निधी खर्च का नाही झाला? गावभेटी कमी केल्या का?)

नावाजलेल्या ठिकाणीही हे घडतं. जून २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे जिथे समाजकार्य शिकवलं जातं तिथेच, टाटा एज्युकेशन ट्रस्टकडून निधी येईल की नाही याची खात्री नाही म्हणून शंभराहून जास्त शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना सेवा संपल्याच्या नोटिसा गेल्या. बोभाटा झाला, निधी चालू राहील असं कळलं, नोटिसा मागे घेतल्या. तिथे बातमी तरी झाली. तालुक्याच्या संस्थेत मार्चअखेरीला नुसतं ‘सध्या घरी थांबा’ असं सांगतात.

आताच्या संस्थेत पगार फार मोठा आहे असं नाही. फरक वेगळा आहे. इथे जानेवारीच्या बैठकीत संचालक मॅडम फळ्यावर प्रत्येक प्रकल्पापुढे त्याचा पैसा कधी संपतो ती तारीख लिहितात आणि खाली त्यावर कुणाकुणाचा पगार आहे तेही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर आलं, कारण त्यात माझंही नाव होतं. पण ज्यांचं पुढे जमण्यासारखं नव्हतं त्यांना तीन महिने हातात मिळाले आणि शिफारसपत्रही. विश्वस्तांनी दोनेक महिन्यांच्या पगाराएवढा राखीव निधी बाजूला ठेवलाय, त्याला हात लावायचा तर खजिनदारांची सही लागते, आणि खजिनदार कुणाचे मेहुणे नाहीत. एका वर्षी तोही पुरला नाही. तेव्हा आधी मॅडमचा आणि आम्हा समन्वयकांचा पगार थांबला, गावपातळीवरच्या ताईंचा नाही. कुरकुर झालीच, मीही केली. पण ती बैठकीत केली, चहाच्या टपरीवर नाही.

आणखी एक फरक. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, असं २०१३ चा कायदा सांगतो. भाऊंकडेही ती होती, अध्यक्ष वहिनी! इथे समितीवर बाहेरच्या एक वकीलबाई आहेत आणि त्यांचा फोन नंबर फील्डवरच्या मुलींकडे असतो.

संस्थापकानंतर काय, हा तुमच्या दृष्टीने दूरचा प्रश्न वाटेल, पण तोही बघा. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बायफ ही पशुधन आणि ग्रामविकासात काम करणारी संस्था उभी केली. १९९३ मध्ये ते गेले, तरी संस्था थांबली नाही, आज ती अनेक राज्यांत काम करते. कारण तोवर तिथे शास्त्रज्ञांची आणि व्यवस्थापकांची फळी तयार झाली होती. जिथे ‘भाऊंनंतर कोण?’ म्हटलं की लोक इकडेतिकडे बघतात, तिथे पाच वर्षांचं नियोजन करून जाऊ नका.

ऑफर घेण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून संस्थेच्या शेड्यूल वनचा (संस्थेच्या नोंदणीचा) उतारा काढा, विश्वस्तांची आडनावं वाचा, सगळे एकाच घरातले तर नाहीत ना ते बघा. नेमणूकपत्र मागा आणि त्यात कर्मचारी लिहिलंय की सल्लागार ते बघा. मुलाखतीत सरळ विचारा, गेल्या वर्षी मे महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला? जो तारीख सांगेल, मग ती उशिराची का असेना, त्याच्याकडे जायला हरकत नाही. ‘इथे पैशाचा विचार करून चालत नाही’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. शक्य असेल तर फील्डवरच्या एखाद्या ताईंसोबत दिवसभर फिरा, ऑफिसात कळणार नाही ते परतीच्या एसटीत कळतं.

परत येण्याचं म्हणाल तर येता येतं. बँकांना आणि कंपन्यांना सीएसआरसाठी फील्ड बघितलेली माणसं लागतातच, आमच्याकडून दोघेतिघे गेलेत. फक्त पहिल्या सहा महिन्यांचं घरभाडं आणि कर्जाचे हप्ते स्वतःच्या खात्यात ठेवून या, आणि जॉइन शक्यतो जुलैत व्हा.