सरावात पहिल्या पाचात, क्वालिफाइंगला तेरावा

‘घरी सगळं येते हो मॅडम, पेपरातच काय होते कोण जाणे.’ नागपुरात समुपदेशन करणाऱ्या कोणालाही हे वाक्य पाठ असेल. नीटच्या तयारीला लागलेली मुलं, तबल्याच्या परीक्षेला बसणारी, जिल्ह्याकडून बॅडमिंटन खेळणारी, सगळ्यांचे आईवडील हेच घेऊन येतात. जुलै २०२५ मध्ये आपल्या दिव्या देशमुखने बटुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, त्यानंतर बुद्धिबळवाल्या पालकांचीही भर पडली. सरावात जमतं, मोक्याला हातचं जातं, तर मुलाचा आत्मविश्वास तेवढा वाढवून द्या, अशी मागणी असते.

आत्मविश्वास वाढवून देण्याचं काम मी घेत नाही. का, ते सांगायला मला एका मुलाची गोष्ट सोयीची पडते, कारण एरवी कोणाच्या डोक्यात शिरून दिसत नाही ती गडबड त्याच्या बाबतीत चक्क रेघेने काढलेली हाती आली. गोष्ट सांगायला त्याची आणि घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत; नाव देत नाही, गाडीचा नंबरही नाही.

मुलगा अकरावीतला, सोळा वर्षांचा. वडिलांचा नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टचा धंदा, आई बँकेत. आणि हा फॉर्म्युला ४ चालवतो. फॉर्म्युला वनच्या शिडीची ही पहिली पायरी. मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेने २०१४ पासून वेगवेगळ्या देशांत या मालिका सुरू केल्या, वयाची अट किमान पंधरा. एकच चालक बसेल अशी, चाकं उघडी असलेली गाडी. सगळ्यांना सारखीच गाडी, सारखंच इंजिन. एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. (कोइम्बतूरला स्विफ्टचं इंजिन लावलेली एलजीबी फॉर्म्युला ४ नावाची एक जुनी देशी शर्यतही चालते, ती वेगळी. लग्नाकार्यात भेटणाऱ्या काकांना हा फरक समजावून तो मुलगा थकला होता.)

अशा गाड्यांचा ट्रॅक नागपुरात नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, नाहीतर ग्रेटर नोएडा. त्यामुळे शर्यत आली की जीटी किंवा तामिळनाडू एक्सप्रेस, कॉलेजला दांडी, आणि मधले सगळे आठवडे घरी वरच्या मजल्यावर बसवलेल्या सिम्युलेटरवर सराव. हे सिम्युलेटर लक्षात ठेवा.

पहिल्या भेटीला वडीलच बोलत होते. (त्यांच्या बोलण्यातली क्वालिफाइंग म्हणजे शर्यतीआधी फेरीची वेळ मोजून कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारं सत्र.) ‘प्रॅक्टिसमध्ये पाहा मॅडम, पहिल्या पाचात राहते हा. क्वालिफाइंग आली की सरळ तेरावा, चौदावा. मागून सुटलं की पुढच्यांच्या गर्दीत कोणी ना कोणी ठोकतेच. मी याला एकच विचारतो, काहून होते असं?’

मुलगा स्वतःच्या बुटाकडे बघत होता. मग म्हणाला, ‘मलाच माहीत असतं तर इथं आलो असतो का?’

मला हा मुलगा तिथेच आवडला.

वडिलांना आणखी एक घाई होती. मॅक्स व्हर्स्टॅपन सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला, आमचा सोळाचा झाला, हे त्यांच्या तोंडून दर दहा मिनिटांनी यायचं. व्हर्स्टॅपन २०१५ मध्ये उतरला आणि त्याच्यानंतर नियम बदलला. आता फॉर्म्युला वनच्या लायसन्सला अठरा पूर्ण लागतात; २०२४ पासून सतराव्या वर्षी ते मिळू शकतं, पण फक्त एखाद्या असामान्य चालकाला, अपवाद म्हणून. म्हणजे ती सतराची वाट तुमच्या मुलालाच काय, जवळजवळ कोणालाच उघडी नाही. हे मी सांगितलं तेव्हा मुलगा पहिल्यांदा हसला. त्याला ते माहीत होतं. घरी सांगायची सोय नव्हती. आपल्या देशातून तिथवर आजपर्यंत दोघंच पोचले, २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंडोक, हेही त्याला माहीत होतं. स्वप्नाचा हिशेब मुलांना आपल्यापेक्षा चांगला येतो, असं मला बरेचदा दिसतं.

पुढच्या वेळी मी त्याला एकट्यालाच बोलावलं आणि सांगितलं, ‘मला गाडीतलं काही कळत नाही. तू जे तुझ्या इंजिनिअरसोबत बघतोस, तेच मला दाखव.’

त्याने लॅपटॉप उघडला. गाडी प्रत्येक क्षणाची नोंद ठेवते: वेग, ॲक्सिलरेटर, ब्रेकवरचा दाब, स्टिअरिंगचा कोन. दोन फेऱ्या एकावर एक ठेवून पाहता येतात. निळी रेघ त्याची सरावातली सगळ्यात चांगली फेरी, लाल रेघ क्वालिफाइंगची. ब्रेकची निळी रेघ वळणाआधी सरळ वर चढायची आणि मग वळणात शिरता शिरता हळूहळू उतरायची. त्याने सांगितलं की हे उतरणं फार महत्त्वाचं. पाय सावकाश सुटला की गाडीचं नाक वळणात नीट जातं. लाल रेघ पहिल्या दोन वळणांपर्यंत निळीच्या अंगाला चिकटून होती. तिसऱ्यापासून ती उशिरा चढायला लागली आणि एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली येत होती. उशिरा ब्रेक, जोरात ब्रेक, चाक लॉक, वळणातून बाहेर पडताना वेग कमी. पुढच्या वळणाला ते भरून काढायला आणखी उशिरा ब्रेक.

‘पहिल्या दोन वळणांनंतर काय झालं?’ मी विचारलं.

‘काही नाही. सरळ पट्टा आहे.’

‘सरळ पट्ट्यात तू काय करतोस?’

‘काही नाही. गिअर… आणि डेल्टा बघतो.’

डेल्टा म्हणजे स्टिअरिंगवरच्या छोट्या पडद्यावर येणारा आकडा. तुमच्या सगळ्यात चांगल्या फेरीपेक्षा तुम्ही या क्षणी किती पुढे किंवा मागे आहात, ते तो सांगतो. पुढे असाल तर हिरवा, मागे असाल तर लाल. घरच्या सिम्युलेटरवर हाच आकडा पडद्याच्या वरच्या बाजूला मोठा झळकत असतो, आणि हा मुलगा गेली तीन वर्षं रोज संध्याकाळी त्याच्याकडे बघत मोठा झाला होता.

‘लाल आला की?’

‘लाल आला की मला कळतं आता कितवा येणार. म्हणजे साधारण. दहाएक गाड्या अर्ध्या सेकंदात असतात ना, दोन दशांश गेले की चार नंबर गेले. मग बाबा ग्रुपवर काय टाकतील…’ तो थांबला.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक सत्राचा नंबर जायचा. शिवाय वडील मोबाइलवर लाइव्ह टायमिंग लावून उभे असायचे. गाडी आत आली, बेल्ट सुटले, हेल्मेट अजून डोक्यावर, काचेला आतून वाफ धरलेली, आणि समोर अंगठ्याने पडदा सरकवणारे बाबा: ‘तेरावा.’ रागावून नव्हे, नुसतं सांगायचे.

मी त्याला खुर्चीत बसवलं, हातात स्टीलची ताटली दिली आणि डोळे मिटून कोइम्बतूरची एक फेरी तोंडाने चालवायला सांगितली. ब्रेक, गिअर, कुठली कड धरायची, सगळं मोठ्याने. ही मुलं हे सहज करतात. त्याची बोललेली फेरी खऱ्या वेळेच्या इतकी जवळ आली की मी मोबाइलवरचं घड्याळ पुन्हा तपासलं. मग म्हटलं, ‘अशीच अजून एक.’ या वेळी तो निघाल्यावर मी मध्येच डेल्टासारखं सपाट आवाजात म्हणाले, ‘अधिक एक दशांश,’ म्हणजे तेवढा मागे. जरा वेळाने, ‘अधिक दोन.’ मग, ‘अधिक तीन. तेरावा.’

ताटली जोरात फिरायला लागली. शब्द तुटायला लागले. आणि तो अचानक सुरुवातीच्या रेषेवर पोचला. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिला.

‘मॅम, मी दोन वळणं गिळली.’

‘कुठली?’

त्याला सांगता येईना. ज्या ट्रॅकचा दगड न् दगड त्याला ठाऊक, त्याची दोन वळणं त्याच्या डोक्यातून नाहीशी झाली होती, आणि तेही माझ्या खोलीत, पंख्याखाली. तो बराच वेळ गप्प बसला. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने समजावायला तोंड उघडलं की सगळं वाया जातं, हे मला इतक्या वर्षांत नक्की कळलंय. मग त्याचा तोच म्हणाला, ‘म्हणजे मी गाडी चालवतानाच निकाल लावून टाकतो.’

एवढंच तर मला हवं होतं. पोरगं भित्रं नव्हतं, त्याचा आत्मविश्वासही कमी नव्हता. एकाच डोक्याने तो एकाच वेळी दोन कामं करत होता: गाडी हाकणं आणि गाडी हाकणाऱ्याला गुण देणं. सरावात गुण देण्याचं काम नंतर, लॅपटॉपवर, इंजिनिअरसोबत व्हायचं. क्वालिफाइंगला ते तो स्वतःच दर पट्ट्यावर उरकायचा.

मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रास देणाऱ्या भावनेमागचा विचार शोधून तो तपासत, काम करणारी आहे, त्यामुळे माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आकडा लाल आला तर नेमकं काय बिघडतं? उत्तरं खोदत गेलो. नंबर मागचा येईल. मग? शर्यत मागून सुरू होईल. मग? गुण मिळणार नाहीत. पहिल्याला पंचवीस, दहाव्याला एक, पुढे शून्य. मग? ‘मग बाबांनी दोन ट्रक विकले ते कशासाठी?’ पहिल्या पाचात यायची इच्छा माणसाला वेगवान करते. पण ‘आलो नाही तर मी घर बुडवलं’ अशी अट त्याला जोडली की तीच इच्छा पायाला ब्रेकवर थरथरायला लावते. ‘तू करू शकतोस’ असं शंभरदा म्हणून ही अट जात नाही, उलट पक्की होते. म्हणून मी आत्मविश्वासाची बाटली देत नाही.

ट्रकची गोष्ट वडिलांसमोर निघायला हवी होती. निघाली. ते चकित झाले. ‘ट्रक तर जुने झाले होते रे, तसेही काढायचेच होते,’ ते म्हणाले. खरं असेल, पूर्ण खरं नसेलही. पण सीझनला किती लागतं आणि पुढच्या वर्षी किती झेपेल, हा आकडा त्या दिवशी पहिल्यांदा तिघांनी एकत्र ऐकला. खर्च लपवल्याने मुलावरचं ओझं कमी होतं असं पालकांना वाटतं. मुलं मात्र लपवलेल्या आकड्याच्या जागी मनाने त्याच्या दुप्पट धरून चालतात.

मग मी वडिलांना त्यांच्या धंद्यातलं विचारलं. ‘तुमचा ड्रायव्हर घाट चढत असताना तुम्ही त्याला फोन करता?’

‘छे! आमचा नियमच आहे. गाडी चालू असली की फोन नाही. थांबल्यावर तो स्वतः करते.’

‘मग याला का करता?’

त्यांना समजायला दोन-तीन क्षण लागले. मग बायकोकडे बघून ओशाळवाणं हसले.

ठरलं ते असं. क्वालिफाइंगला डेल्टा पडद्यावरून काढायचा. इंजिनिअरने पडद्याचं पान बदलून दिलं. सिम्युलेटरवर आठवड्यातले काही दिवस आकड्याविना चालवायचं, कारण सवय तिथेच लागली होती. गाडीतून उतरल्यावर आधी पाणी, मग गाडीबद्दल इंजिनिअरशी बोलणं, नंबर त्याच्यानंतर. आणि तो मुलाने सांगायचा, वडिलांनी नाही. लाइव्ह टायमिंग वडिलांच्या फोनमधून काढलं. ते आता आई बघते आणि कोणाला सांगत नाही. हे माझ्या सल्ल्यात नव्हतं, पण चालतंय.

पोल पोझिशन, म्हणजे सगळ्यांच्या पुढून सुटायची जागा, मिळाली का, असं मला सगळे विचारतात. नाही. डेल्टा काढल्यावरच्या पहिल्या क्वालिफाइंगला तो उलट आणखी मागे गेला. आकडा नसला की हात रिकामे वाटतात, म्हणाला. पुढे एकदा पावसात दुसऱ्याने मागून ठोकलं. सीझनच्या शेवटाकडे मात्र सराव आणि क्वालिफाइंग यांतलं अंतर पुष्कळ कमी झालं आणि तो सातवा-आठवा सुटायला लागला. एका शर्यतीत चौथा आला. लाल रेघ त्याने मला फोनवर पाठवली. सगळ्या वळणांत ती निळीला धरून होती. ती मी अजून पुसलेली नाही.

नीटच्या मुलांना मी हेच सांगते. एकशे ऐंशी प्रश्न, बरोबरला चार, चुकीला वजा एक. फिजिक्सचे तीन प्रश्न अडले की हुशार पोरं तिथेच बसून सातशे वीसमधून वजाबाकी करतात आणि मागच्या वर्षीचा कट-ऑफ आठवतात. पुढच्या दहा मिनिटांत वाचलेले प्रश्न त्यांनी वाचलेलेच नसतात. गिळलेली वळणं ती हीच. त्यांना सराव परीक्षेत मी एकच गोष्ट करायला लावते: शेवटचा गोळा काळा होईपर्यंत बेरीज करायची नाही. पहिल्या काही पेपरांत फार अस्वस्थ होतात. होऊ द्यावं. आणि पालकांनी केंद्राच्या फाटकावर ‘किती अटेम्प्ट केले?’ विचारू नये. विचारायचंच असेल तर जेवण झाल्यावर. तुम्ही फाटकावर विचारता म्हणून ते आत बसून मोजतात.

एक वेगळं सांगून ठेवते. मूल झोपत नसेल, आदल्या रात्रीपासून उलट्या होत असतील, अपघातानंतर तेच तेच डोळ्यांपुढे येत असेल, किंवा मला हे नकोच असं ते स्पष्ट म्हणत असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. ते प्रकरण दुसरं आहे. मानसोपचारतज्ज्ञाला आधी दाखवा. या मुलालाही मी पहिल्या भेटीत हेच सगळं विचारून घेतलं होतं, आणि ‘तुला गाडी चालवायला आवडतं का?’ हेही. त्यावर त्याने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं होतं.

यंदा त्याची बारावी. पुढचा सीझन करायचा की एक वर्ष थांबायचं, यावर घरात दोन मतं आहेत आणि वडिलांना उत्तर माझ्याकडून हवंय. मी दिलेलं नाही. बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर तिघांनी बसायचं, खर्चाचा कागद समोर ठेवायचा आणि आधी मुलाने बोलायचं, एवढं ठरवून दिलंय.