अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन कोकणात: गाव एकच धरा आणि तारीख तिथी बघून ठरवा

ताई, तुमचा बेत वाचला. अडीच वर्षांची लेक, सोबत सासू-सासरे, पुण्याहून घरची गाडी, डिसेंबरअखेरचे चार दिवस, आणि यादीत दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरुड-हर्णै, गुहागर, गणपतीपुळे. मुक्काम कुठे कुठे टाकावा, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं: मुक्काम एकच, दिवेआगरला, तीन रात्री. बाकीची गावं यंदा सोडून द्या.

माझं माहेर श्रीवर्धनचं. त्यामुळे हा किनारा लहानपणापासून पायाखालचा, आणि भाचरं-नातवंडं घेऊन येणारे पाहुणेही भरपूर पाहिलेत. नकाशावर ही गावं ओळीने एकापाठोपाठ दिसतात, पण मध्ये बाणकोटची, दाभोळची आणि जयगडची अशा तीन मोठ्या खाड्या आहेत. प्रत्येक ठिकाणी एकतर जेटीवर फेरीबोटीची वाट बघायची, नाहीतर लांबचा वळसा घ्यायचा. मोठी माणसं हे आनंदाने करतात. लहान मुलाचं मात्र रोज नवी खोली, नवा बिछाना आणि दुपारची झोप गाडीत असं होतं. तिसऱ्या दिवशी ते किरकिरं होतं आणि आपल्याला वाटतं, हिला समुद्र आवडतच नाही. खरं तर तिला समुद्र नीट भेटलेलाच नसतो.

दिवेआगर सुचवण्याचं कारण तिथली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. किनारा लांबलचक आहे, उतार सौम्य आहे आणि मागे सुरूचं बन आहे, त्यामुळे सावलीला बसता येतं. गाव सपाट आहे, सासू-सासऱ्यांना देवळापर्यंत चालत जाता येईल. 2020 च्या जून महिन्यात निसर्ग वादळाने इथल्या वाड्या अक्षरशः आडव्या केल्या. नारळ-पोफळी पुन्हा उभ्या करायला वर्षं लागतात. लोकांनी त्या जिद्दीने पुन्हा लावल्या, म्हणून हॉटेलपेक्षा वाडीतल्या घरगुती मुक्कामाला पसंती द्या, असं मी आवर्जून सांगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याकडे पुण्या-मुंबईची बहुतेक मंडळी लक्षच देत नाहीत: भरती-ओहोटी. खोलीचं बुकिंग करण्याआधी कालनिर्णय उघडा. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरती साधारण किती वाजता पूर्ण होईल ते कळतं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्दशीला साडेदहा. तिथून सहा तास आणि वर थोडं धरलं की ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा अंदाज आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण तारीख ठरवायला पुरेसा आहे. तिथे पोचल्यावर अचूक वेळ यजमानांना विचारा.

तुमच्या लेकीचा समुद्रावरचा खरा वेळ संध्याकाळी साडेचार ते सहा. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि लगेच गार वाटायला लागतं. त्या वेळेला भरती नको. अष्टमीच्या आसपास गेलात तर नेमकं संध्याकाळी पाणी वर असतं, वाळूचा पट्टा अरुंद होतो आणि पोर पाण्याजवळच खेळतं. त्याऐवजी पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आधीचे दोन-तीन दिवस धरा. त्रयोदशी-चतुर्दशीला ओहोटी चार-पाचच्या दरम्यान येते, आणि उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे, दिवस असल्यामुळे पाणी चांगलंच मागे जातं. समोर दूरवर ओली, घट्ट, सपाट वाळू पसरलेली असते. मध्ये मध्ये वीतभरसुद्धा खोल नसलेली डबकी साचतात, दुपारच्या उन्हाने ती कोमट झालेली असतात. अडीच वर्षांच्या मुलाचा समुद्र तो. लाटेत नेण्याची गरजच नाही.

त्या ओल्या वाळूवर तिला उकिडवं बसवा आणि छोटे खेकडे दाखवा. बोराच्या बीएवढा जीव बिळातून बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. पुन्हा एक पाऊल, पुन्हा एक गोळी. थोड्या वेळात बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा किरणांसारख्या पसरतात. पावलाची चाहूल लागली की सगळे एकदम बिळात, आणि आपण न हलता बसलो की एकेक करून पुन्हा वर. मुलं यात इतकी रमतात की बादली-फावडं विसरतात. हे फक्त ओहोटीला दिसतं, भरती आली की सगळं पुसून जातं.

पहिल्या दिवशी ती पाण्याला घाबरली तर जबरदस्तीने पाय बुडवू नका. लाटांच्या गाजेचा आवाज मुलांना मोठा वाटतो, आणि लाट परतताना पायाखालची वाळू सरकते ते तर आणखी भीतीचं. लांब बसा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आपणहून पुढे जाते, आणि म्हणूनच एका गावी तीन रात्री लागतात.

सुरक्षेबद्दल मी कडक आहे, राग मानू नका. बुडणारं मूल हाका मारत नाही, हातपायही फारसे आपटत नाही. ते आवाज न करता खाली जातं, गुडघाभर पाण्यातसुद्धा. म्हणून पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाने हात पोचेल इतक्या अंतरावर राहायचं आणि त्या वेळेत मोबाईल खिशातून काढायचा नाही. पाळी बदलताना तोंडाने सांगून बदला: "आता तुम्ही बघा." चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. कपडे केशरी, लाल किंवा गडद पिवळे घाला. निळे-पांढरे पाण्यात दिसत नाहीत. खाडीच्या मुखाजवळ जाऊ नका. आणि पाणी ओसरत असताना मोठ्यांनीही कमरेच्या वर पाण्यात शिरू नका, ओढ फसवी असते. वाळूवर गाड्या, घोडागाड्या, मोटारसायकली फिरतात, सुट्टीच्या दिवसांत तर खूपच. बसायची जागा त्या वर्दळीपासून लांब बघा. सुरूच्या बनात चप्पल हवीच, खाली पडलेली बारीक काटेरी बोंडं कोवळ्या पायांना चांगलीच टोचतात.

घर ठरवताना फोनवर खोलीतल्या एसीबद्दल सगळेच विचारतात. तुम्ही आधी विहिरीबद्दल विचारा. वाडीत विहीर असतेच. कठडा किती उंच आहे, वर जाळी आहे का, शिंपण्याची टाकी उघडी आहे का, हे विचारून घ्या आणि पोचल्याबरोबर स्वतः जाऊन बघा. पडवीतला झोपाळा मोठ्या मुलांनी जोरात हलवला की त्याची कड बरोबर अडीच वर्षांच्या मुलाच्या कपाळाच्या उंचीवर येते. झोपाळा चालू असेल तेव्हा तिला हाताशी धरा. माडाखाली खाट, सतरंजी, बाळाची गाडी काही ठेवू नका. नारळ आणि वाळलेली झावळी पडताना वर्दी देत नाही. खोली तळमजल्याची घ्या, कमोड आहे का ते सासूबाईंसाठी विचारा, आणि दूध तापवायला रात्री स्वयंपाकघर मिळेल का तेही. बहुतेक घरी काकू आनंदाने "हो" म्हणतात.

जेवणाचं सोपं आहे. सकाळीच सांगून ठेवा की वरण फोडणीआधी वाटीभर बाजूला काढा. मऊभात, तूप, मेतकूट, घावन, नारळाचं दूध यावर मुलं तीन दिवस सुखाने राहतात. मासे घरी खात असेल तर सुरमईची तुकडी द्या, मधला काटा काढला की निवडायला सोपी. मांदेली-बोंबील मोठ्यांनी खावेत. जे घरी कधी खाल्लं नाही, विशेषतः कोळंबी आणि तिसऱ्या (शिंपल्या), ते प्रवासात पहिल्यांदा देऊ नका. अंगावर पित्त उठलं तर तिथे धावपळ होते.

औषधांत तिच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं, डासांचं मलम आणि टोपी. सामानासाठी आणि छोट्या दुखण्यासाठी बोर्ली पंचतन जवळ आहे, सरकारी रुग्णालय श्रीवर्धनला. आणखी एक, घाबरवायला नाही तर माहीत असावं म्हणून: कोकणात विंचू आहेत. बूट झटकून घाला, रात्री बॅटरीशिवाय वाडीत उतरू नका. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना एके काळी जिवावर बेतायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि कितीतरी मुलं वाचली. त्यामुळे दंश झालाच तर उतारे-मंत्र करत न बसता लगेच दवाखाना गाठायचा.

फिरायचं म्हणाल तर एक दुपार श्रीवर्धनला द्या. शेखाडी-आरावीवरून जाणारा रस्ता बराचसा समुद्राच्या कडेने जातो, सासू-सासऱ्यांना फार आवडेल. हरिहरेश्वराचं दर्शन हवं असेल तर जरूर घ्या, पण प्रदक्षिणेच्या वाटेने मुलीला घेऊन उतरू नका. खालचा खडक शेवाळलेला असतो, लाट अचानक वर येते, आणि तिथे माणसं गेलेली आहेत. जंजिरा यंदा नकोच: होडीतून किल्ल्यावर उतरताना होडी हलत असते, मूल कडेवर असताना ते धोक्याचं आहे.

नाताळ ते एकतीस डिसेंबर टाळता आलं तर टाळा. तुमची लेक अजून शाळेत जात नाही, ही मोकळीक पुढे मिळणार नाही. जानेवारीतला एखादा सोमवार ते गुरुवार घेतलात तर किनारा जवळजवळ तुमचाच. दरही कमी असतात आणि हवा सुरेख असते.

जाताना पौड, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असा रस्ता. थांबत थांबत पाच तास धरा. घाट सुरू होण्याआधी दूध देऊ नका, कोरडी पोळी किंवा खाकरा पुरे. पहाटे निघालात तर ती घाटात झोपलेली असेल. परतताना रविवारची संध्याकाळ नको, माणगावला महामार्गावर गाड्या तुंबतात. सकाळी न्याहारी करून निघा आणि माणगाव दुपारच्या आत ओलांडा. कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल डिकीत न टाकता मागच्या सीटवर हाताशी ठेवा.