नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनला सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर बसवला तर इंजिन फुटतं का?

तुमचं म्हणणं असं की २ लिटरचं नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आहे, कंप्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.५, त्याला आतलं काहीही न उघडता ६-७ पीएसआयचा (हे दाबाचं एकक) सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर, म्हणजे इंजिनच्याच बेल्टवर फिरून पंख्याने जास्तीची हवा आत ढकलणारा कंप्रेसर, लावला तर इंजिन टिकेल का, आणि खालच्या आरपीएमला गाडी ओढेल का. ओढण्याचं आधी सांगून टाकतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. नाही ओढणार. याचा बूस्ट, म्हणजे वातावरणाच्या वरचा दाब, साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६५०० ला ७ पीएसआय मिळत असेल तर ३२५० ला पावणेदोनच्या आसपास, आणि ते फिरवायची ताकदसुद्धा इंजिनकडूनच जाते. सिग्नलवरून सुटताना फरक हवा असेल तर रूट्स किंवा ट्विन स्क्रू प्रकारचे सुपरचार्जर बघा, ते प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा ढकलतात, नाहीतर छोटा टर्बो. सेंट्रिफ्युगल वरच्या आरपीएमला जागा होतो आणि रेडलाइनपर्यंत चढतच जातो, लोक याला दोष म्हणतात, मी म्हणतो स्टॉक इंजिनसाठी यापेक्षा सभ्य प्रकार नाही, कारण कनेक्टिंग रॉड वाकवतो तो बहुतेक वेळा खालच्या आरपीएमला धाडकन आलेला टॉर्क आणि तो इथे येतच नाही.

आता टिकण्याचं. ‘सुपरचार्जरने इंजिन फुटतं’ हे वाक्य मी गेली काही वर्षं घरातच ऐकतोय, माझ्या मेव्हण्याच्या तोंडून, म्हणून हे एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

झालं असं की माझ्या गाडीत त्याला एक चक्कर मारून आणली, उतरल्या उतरल्या म्हणाला दाजी मला हेच पाहिजे. त्याचं इंजिन माझ्यासारखंच, किट पण तेच घेतलं, सुपरचार्जरवर ८५ मिलिमीटरची पुली (ती जितकी छोटी तितका तो जोरात फिरतो), ६ पीएसआय, आणि ट्यूनिंग मी ज्याच्याकडून करून घेतलं होतं त्याच माणसाकडून. तोवर सगळं छान होतं. मग साहेबांना ६ पीएसआय कमी वाटायला लागला आणि त्याने ७० ची पुली आणून घरीच बसवली. इंजेक्टर तेच, पंप तोच, ट्यून तीच. मी म्हटलं अरे मॅप (ट्यूनमधले पेट्रोल-टायमिंगचे आकडे) बदलून घे, तर म्हणाला दीड सेंटिमीटरच्या फरकाने काय होतंय. हा माणूस मेकॅनिकल इंजिनियर आहे बरं का, डिग्री भिंतीवर लावलेली आहे. ८५ भागिले ७० म्हणजे सुपरचार्जरचा वेग २१ टक्के वाढला, त्याचा वर्ग केला की बूस्ट जवळजवळ दीडपट, म्हणजे ६ चे पावणेनऊ, आणि हे गणित करायला डिग्रीसुद्धा लागत नाही.

माझा वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर, त्याच्या एक्झॉस्टला लावून लॉग काढला. खाली सगळं ठीक, ५५०० च्या पुढे इंजेक्टर शंभर टक्के उघडे, म्हणजे आता याहून जास्त पेट्रोल येणं शक्यच नाही, आणि हवा मात्र वाढतेच आहे, त्यामुळे जिथे एअर-फ्युएल, म्हणजे एक भाग पेट्रोलला किती भाग हवा तो आकडा, ११.८ असायला हवा तिथे १३.५, म्हणजे पेट्रोल कमी. बूस्टखाली १३.५ म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. याचं उत्तर काय, तर ‘चेक इंजिनची लाइट कुठे लागलीय?’ अरे बाबा, कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या आसपासच नीट सांगतो आणि फुल थ्रॉटलला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला विचारतसुद्धा नाही, लाइट कशाला लागेल.

मग मी प्लग काढले. हे मात्र प्रत्येकाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग टॉर्चखाली धरला, पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे कण, आणि भिंगातून पाहिलं तर मधेमधे अगदी बारीक चकचकीत चंदेरी गोळ्या. ते चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन. डिटोनेशन, म्हणजे मिश्रण आपोआप धडाक्याने पेटणं (यालाच नॉकिंग म्हणतात), पिस्टनचा माथा कुरतडत होतं आणि त्याचा पुरावा मी त्याच्या हातात दिला होता. त्याने तो प्लग शर्टाला पुसला, ‘कार्बन आहे दाजी’ म्हणाला आणि परत घट्ट केला.

पुढचं सांगायला नकोच, पण सांगतो. आधी आतल्या दाबाने ऑइलची डिपस्टिक वर यायला लागली, मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं की भकभक धूर. कंप्रेशन टेस्टला तीन सिलिंडर सारखे आणि तिसरा जवळजवळ निम्मा. उघडल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पिस्टनची कड, रिंग लँड म्हणतात ती, नखाएवढी तुटलेली. आणि आता सगळ्या नातेवाइकांत काय प्रसिद्ध आहे? दाजींनी नादी लावलं आणि सुपरचार्जरने इंजिन खाल्लं. सासूबाईंना कंप्रेसर म्हणजे फ्रिजचा एवढंच माहीत, पण त्या पण मान हलवतात. माझी गाडी त्याच किटवर, त्याच ८५ च्या पुलीवर आजही रेडलाइनला जाते, त्यावर उत्तर ‘तुमचं नशीब’. नशीब नाही, मोठे इंजेक्टर आहेत.

त्याचं दुसरं पालुपद असं की हे सगळं इंटरनेटवरचं नवं खूळ आहे. १९५७ ची स्टुडबेकर गोल्डन हॉक कंपनीतून मॅककुलोकचा सेंट्रिफ्युगल लावूनच यायची. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर लढाऊ विमानाच्या मर्लिन इंजिनात सेंट्रिफ्युगलच, फक्त बेल्टऐवजी गिअरवर फिरणारा. फरक एवढाच की मर्लिनचा कंप्रेशन रेशो ६ होता आणि तुमचा १०.५ आहे, म्हणजे चूक पचवायची जागा तुमच्याकडे कमी आहे.

तर तुमच्यासाठी. १०.५ वर ६ पीएसआय चांगल्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर आतलं न उघडता चालतो, ७ ला मी इंटरकूलरशिवाय हात लावणार नाही. बाहेर ३० डिग्री असेल तर ७ पीएसआयला दाबलेली हवा सुपरचार्जरमधून ८० च्या आसपास बाहेर पडते, आणि तेवढी गरम हवा १०.५ च्या इंजिनात घालणं म्हणजे नॉकिंगला आवतण. स्टॉक मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा, ट्यूनचा मॅप वेगळा) वातावरणाच्या दाबाच्या थोडं वरपर्यंतच वाचतो, त्यापुढे ईसीयूला बूस्ट दिसतच नाही, तो बदलायलाच लागेल. इंजेक्टर, पंप आणि वाइडबँड हे सुपरचार्जरच्या आधी घ्या, पैसे उरले तर सुपरचार्जर घ्या, मी गंमत करत नाहीये. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे) आणि गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास. ठिणगीचं टायमिंग दर पीएसआयला एक डिग्री मागे हे सुरुवातीपुरतं धरायचं, खरं काय ते लॉग सांगेल.

एक बारीक गोष्ट किटवाले बरेचदा धड सांगत नाहीत, पीसीव्हीच्या नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने वाहू देणारी झडप, लागते. एरवी इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो म्हणून ती नळी क्रँककेसमधली (इंजिनच्या खालच्या भागातली) वाफ ओढते, बूस्टमध्ये तीच उलटी वाहते आणि सील मधून ऑइल गळायला लागतं, मग लोक म्हणतात रिंगा गेल्या. आणि वरच्या आरपीएमला बूस्ट चढायच्या ऐवजी अडकला किंवा उतरला तर आधी बेल्ट बघा, घसरत असेल तर पुलीच्या आजूबाजूला काळी भुकटी दिसेल. टेन्शनर ओढत बसण्यापेक्षा बेल्ट पुलीभोवती जास्त गुंडाळला जाईल असा आयडलर (नुसती फिरणारी जादा पुली) लावा, नुसतं ताणलं की क्रँकच्या पुढच्या बेअरिंगवर लोड येतो.

हे सगळं पोर्ट इंजेक्शनवाल्या, म्हणजे पेट्रोल इनटेकमध्ये फवारणाऱ्या, इंजिनबद्दल आहे हे आधीच लिहायला हवं होतं. डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) असेल तर पेट्रोलचा हाय प्रेशर पंप कॅमवर चालतो आणि त्याची मर्यादा लवकर गाठली जाते, तिथे मोठे इंजेक्टर टाकले की झालं असं नसतं. सीव्हीटी (बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर विचारच सोडा. गाडी बरीच चाललेली असेल तर आधी कंप्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून दाब किती गळतो ती) दोन्ही टेस्ट करून घ्या, थकलेल्या इंजिनाला बूस्ट दिला तर मेव्हण्याचं म्हणणं खरं ठरेल आणि ते मला नकोय. तुमच्याकडचा कायदा आणि विमा याला चालतो का हेही किट मागवायच्या आधी विचारा.

टेस्टचे आकडे, इंजेक्टरचा साइज आणि क्रँक पुलीचा व्यास कळवा, मग सुपरचार्जरची पुली कितीची घ्यायची ते बसून काढू. ७० ची मात्र विचारू नका.