आमचे डाग कमी का भरतात?

प्रश्न : शाळेच्या खगोल मंडळात आम्ही ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीने कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून डाग मोजतो. जागतिक यादीतला आकडा नेहमी जास्त असतो. मग सतराव्या शतकातल्या साध्या दुर्बिणींच्या नोंदींवर भरवसा कसा ठेवायचा?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : तुमची मोजणी चुकत नाही, तिला गुणक लावायचा राहिला आहे. एकोणिसाव्या शतकातले स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फ यांच्या सूत्रात डागांच्या गटांची संख्या गुणिले १०, अधिक एकूण डाग, आणि त्या बेरजेला निरीक्षकाचा गुणक असतो. ४ गटांत मिळून २३ डाग दिसले, तर गुणकाआधीची बेरीज ६३. गुणकासाठी निदान पन्नास दिवस घ्या. जागतिक यादी ब्रुसेल्सची वेधशाळा ठेवते; तिच्यातल्या त्याच दिवसांच्या आकड्यांची बेरीज करून तिला तुमच्या बेरजेने भागा. रोजचा वेगळा भागाकार करून सरासरी काढू नका. डाग थोडे असले की तो वाटेल तसा उडतो, आणि शून्याने तर भागताच येत नाही. दुर्बीण किंवा मोजणारा हात बदलला, की गुणक नव्याने काढावा लागतो.

वोल्फ अगदी बारीक डाग सोडून देत, त्यांच्यामागून आलेले वोल्फर तेही मोजत. म्हणून वोल्फर यांना ०.६ हा गुणक लागला. २०१५ मध्ये सगळी मालिका वोल्फर यांच्या मापावर आणली गेली आणि आकडे मोठे झाले. जुन्या पुस्तकांतले आकडे नव्या यादीत मिसळू नका.

सतराव्या शतकासाठी फक्त गट मोजणे बरे, कारण छोट्या दुर्बिणीतून सुटे डाग निसटले तरी गट सहसा दिसतो. खरा घोळ शून्याचा आहे. ‘या वर्षात डाग दिसला नाही’ एवढ्या एका वाक्यावरून पूर्वी वर्षभराचे सगळे दिवस शून्य धरले गेले. त्याने शांत काळ होता त्याहून शांत दिसू लागला. तरीही १६४५ ते १७१५ या काळात सूर्य खरोखरच मंदावला होता. झाडांच्या वर्तुळांतला कार्बन-१४ आणि ध्रुवीय बर्फातला बेरिलियम-१० (सूर्य मंद असला की हे दोन्ही जास्त तयार होतात) डागांच्या नोंदींशिवायही तेच सांगतात.

म्हणून तुमच्या वहीत ‘पाहिले, डाग नाही’ असेल तिथे ० लिहा. ढगांमुळे पाहता आले नाही तिथे रेघ मारा. सोलापुरात पावसाळ्यात अशा रेघा पुष्कळ येतील, त्या येऊ द्या. उन्हाळ्यात गच्ची तापण्याआधी, आठच्या आत मोजा. तापलेल्या हवेत बारीक डाग विरघळतात. वेळ जागतिक लिहा : सकाळचे ८ म्हणजे २:३०. मुख्य दुर्बिणीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण झाकून ठेवा, मुलांनी तिच्यातून सूर्याकडे पाहता कामा नये. दुर्बीण स्थिर ठेवली की प्रतिमा ज्या बाजूला सरकते ती पश्चिम. ती खूण रोजच्या चित्रावर करा, नाहीतर पुढे डागाची जागा कोणालाच काढता येणार नाही.