अस्तर 8 एमएम झालं, मग ट्रान्सफर आजच का नाही?

प्रश्न: वय 33, आयव्हीएफ चालूय. पाच दिवसांचे एम्ब्रियो (गर्भ) फ्रीझ केलेत. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतेय, काल सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर 8.4 एमएम आलं, डॉक्टर म्हणाल्या छान आहे. तरी आता प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल खालून ठेवायच्या आणि सहाव्या दिवशी ट्रान्सफरला, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडायला यायचं म्हणे. जाऊबाई म्हणतात, उगाच बिल वाढवतात. आणि पॉझिटिव्ह आलं तरी औषधं चालूच, असं का?

उत्तर: जाऊबाईंना सांगा, यावेळी डॉक्टरच बरोबर आहेत :) पाऊस पडला म्हणून शेतकरी लगेच पेरत नाही ना, वाफसा यायची वाट बघतो, तसंच आहे हे.

इस्ट्रोजेन अस्तर फक्त जाड करतं. 7-8 एमएमच्या पुढे गेलं की साधारण ठीक धरतात, पण नुसत्या जाड अस्तरात गर्भ रुजत नाही. एरवी स्त्रीबीज बाहेर पडल्यावर मागे जे रिकामं कवच उरतं ना, तेच प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतं आणि मग अस्तराची वाढ थांबून आतली तयारी सुरू होते, म्हणजे ग्रंथी वेड्यावाकड्या होऊन त्यात ग्लायकोजेन साठतं, रक्तवाहिन्यांची वेटोळी वाढतात, पेशी फुगून मऊ होतात. बीज सुटल्यावर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसापर्यंतच अस्तर गर्भाला घेतं, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही. तुमचा एम्ब्रियो पाच दिवसांचा, म्हणून अस्तरालाही प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस पूर्ण द्यायचे. त्यामुळे कॅप्सूलची वेळ चुकवू नका, पहिली कधी ठेवली ते मोबाईलमध्ये लिहूनच ठेवा.

आता दुसरं. नैसर्गिक गरोदरपणात गर्भाकडून एचसीजी हे हार्मोन येतं (घरच्या किटवर दिसतं तेच) आणि ते त्या कवचाला जगवतं, नाहीतर दोनेक आठवड्यांत ते सुकतं, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते. तुमच्या या गोळ्यांच्या सायकलमध्ये बीज सुटलेलंच नाही, म्हणजे कवचच नाही, मग एचसीजी जगवणार कुणाला? म्हणून वार (प्लॅसेंटा) स्वतः हार्मोन बनवायला लागेपर्यंत, गरोदरपणाचे साधारण दहा-बारा आठवडे होईपर्यंत, ते बाहेरून द्यावं लागतं. थोडं स्पॉटिंग दिसलं तर घाबरून स्वतःहून बंद करू नका, आधी फोन करा.

आणि हो, याच कॅप्सूलने छाती दुखते, पोट फुगतं, कधीकधी पाळीही लांबते, त्यामुळे गरोदरपणाची लक्षणं मोजत बसू नका, सांगितलेल्या तारखेला बीटा एचसीजीची रक्ततपासणी करा.