औषध चालू आहे, मग नोकरी का टिकत नाही?

प्रश्न : मुलगा २७ वर्षांचा, बी. कॉम. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या नियमित घेतो, कानात येणारे आवाज बरेच कमी झालेत. नवी मुंबईत महापेच्या दोन नोकऱ्या महिन्याच्या आत सुटल्या. पूर्ण बरा होईपर्यंत घरीच राहू द्यावं का?
– एक आई, कळवा

उत्तर : ताई, घरी बसवून ठेवू नका. थोडेफार आवाज येत असतानाही माणसं नोकरी करतात. त्याला स्वतःला काम करायची इच्छा हवी. आधी लांबलचक प्रशिक्षण देण्यापेक्षा मनाजोगती खरी नोकरी लवकर शोधायची आणि रुजू झाल्यावरही पाठीशी राहायचं, याने नोकरी मिळण्याचं प्रमाण वाढतं. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या याच आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) पद्धतीच्या अभ्यासांत हे वारंवार दिसलं आहे.

दोन्ही नोकऱ्या कशामुळे सुटल्या, ते त्याच्याकडून शांतपणे काढून घ्या. पुष्कळदा अडचण कामाची नसते, सकाळची असते. रात्री अकराला घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी सातला उतरलेली नसते, त्यात ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बर लोकलची गर्दी. लेट मार्क साचतात, पगार कापला जातो, मुलगा लाजेने ऑफिसचा फोन उचलत नाही आणि नोकरी जाते. गोळी संध्याकाळी लवकर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वेळ किंवा डोस मनाने बदलू नका.

सुरुवात अकरानंतरच्या चार तासांच्या कामाने करा, वागळे इस्टेटसारखं जवळचं ठिकाण बघून. रात्रपाळी, फिरती शिफ्ट नकोच. झोप मोडली की आजार उचल खातो.

आजाराबद्दल सांगायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. तुम्ही परस्पर साहेबांना फोन करू नका. आजाराचं नाव न घेताही तो म्हणू शकतो, ‘मला काम एकेक करून, लिहून द्या.’ या आजारात लक्ष आणि स्मरण कमी पडतं, तोंडी सांगितलेल्या चार गोष्टींतल्या दोन निसटतात आणि त्याला आळस म्हटलं जातं. खिशात छोटी वही असू द्या : काय करायचं, कुणी सांगितलं, कधीपर्यंत.

पगार हातात पडला की ‘आता मी बरा’ म्हणून गोळी सोडायचा मोह होतो, तेव्हा जपा. सलग दोन-तीन रात्री झोप नाही, डबा तसाच परत, ‘सगळे माझ्याबद्दलच बोलतात’ अशी तक्रार, असं दिसलं तर राजीनामा देऊ देऊ नका. रजा टाकून लगेच डॉक्टरांना दाखवा.

सरकारी नोकरीतल्या दिव्यांग आरक्षणात २०१६ च्या कायद्याने मानसिक आजारही येतो. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर करा.